हाय-बोनेट जीप, चिरलेलं शिंग आणि चातुर्मासाची विंच

२०२३ च्या दिवाळीनंतर ही जीप ट्रकवर लादून इंदूरच्या सांवेर रोडवरच्या माझ्या शेडमध्ये आली. मागून स्कूटरवर काका आणि पुतण्या. ट्रकमधून उतरवायच्या आधीच दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेतलं. काका म्हणाले, "हिला वडिलांनी आणली तेव्हा जशी होती तशी कर. एक बोल्टसुद्धा नवीन फॅशनचा नको." पुतण्या म्हणाला, "दादा, बाकी काही करा, पण पुढे बारा हजार पौंडांची विंच बसली पाहिजे."

विंच म्हणजे ड्रमवर दोरी गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं विजेचं यंत्र. तिची ओढायची ताकद पौंडांत सांगतात.

सहा महिने हे दोन हुकूम मी एकाच गाडीवर पाळत होतो. कुठे दोन्ही पाळता आले, कुठे एकही नाही, त्याचा हा हिशेब. जुन्या जीपला विंच लावायचा विचार असेल, तर आमच्या चुकांसकट उपयोगी पडेल.

गाडी

१९६८ ची महिंद्रा सीजे-३बी, पेट्रोल. जीपवाल्यांच्या भाषेत 'हाय बोनेट'. तिच्या आधीच्या जीपचं बोनेट बुटकं होतं, कारण त्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ मध्ये सीजे-३बीमध्ये हरिकेन इंजिन घातलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खालीच राहिले. इंजिन उंच झालं म्हणून बोनेट उचलावं लागलं, आणि जीपला तो कपाळ वर काढल्यासारखा चेहरा आला. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे महिंद्राने ते पुढे बरीच वर्षं चालवलं.

इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं. चार हजार फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती. आजच्या हॅचबॅकवाल्याला हा आकडा सांगितला तर तो सहानुभूतीने बघतो. पण पहिला गिअर, लो रेंजची (ताकदीच्या सावकाश गिअरची) २.४६ ची घट आणि ५.३८ चा ॲक्सल यांचा गुणाकार ३७ येतो. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. चिखलात तेवढंच लागतं.

ही जीप काकांच्या वडिलांनी हातोदच्या पुढच्या शेतासाठी घेतली होती. २००६ पासून ती पत्र्याखाली उभी होती. सतरा वर्षांत उंदरांनी वायरिंग खाल्लं, ड्रायव्हर सीटखालच्या टाकीत गंजाचा चिवडा झाला, हुडाच्या कॅनव्हासची जाळी झाली. इंजिन मात्र अडकलेलं नव्हतं, कारण काका दर दसऱ्याला पूजेच्या वेळी स्पार्क प्लग काढून चमचाभर तेल घालायचे आणि हँडलने चार फेऱ्या मारायचे. हे ऐकून मी त्यांना मनोमन नमस्कार केला. जुन्या गाडीच्या मालकांत असा माणूस दहात एखादा.

कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) तीन सिलिंडरांत शंभरच्या वर निघालं, एकात साठ. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता. तो घासून बसवला, रिंगा बदलल्या, एवढ्यावर भागलं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप मात्र इथेनॉल सोसणारे घातले. पूर्वीचं रबर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं, आणि टाकीच्या भिंतीचा उरलेला गंज सुटून कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकी आधी धुऊन घ्यायची, मग बाकीचं. ब्रेकचे पाइप आणि रबरं नवी. गिअरबॉक्स उघडून बघितला आणि तसाच बंद केला. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता जुळवणारी कडी) नाहीच, तेव्हा डबल क्लचची सवय पुतण्याने करायची, गाडीने नाही.

विंच कशाला हवी

हे मी पुतण्याला पहिल्या दिवशी विचारलं, कारण अर्ध्या लोकांना ती फोटोसाठी हवी असते. त्याचं उत्तर खरं होतं. मुख्य रस्ता सोडल्यावर शेतापर्यंत अडीच किलोमीटर कच्ची वाट, सगळी काळी माती. 'मालव धरती गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर' असं इकडे अभिमानाने म्हणतात. ज्याला जुलैत त्या नीरातून पंपघरापर्यंत जायचं असतं, तो गंभीर आधी होतो. ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते, चाक गोळा होतं आणि गाडी पोटावर बसते. २०२२ च्या पावसाळ्यात पुतण्याची कार तिथे दोन दिवस रुतून होती. दर वेळी शेजारच्याचा ट्रॅक्टर बोलवायचा आणि दर वेळी त्याचा चेहरा बघायचा.

त्याला रुंद टायरही हवे होते. ते मी थेट नाकारले. या चिखलात खाली कुठेतरी टणक थर असतो, आणि ६.००-१६ चा अरुंद टायर वरचा लगदा कापून तिथपर्यंत पोचतो. रुंद टायर वरच तरंगायला बघतो, आणि हलक्या गाडीखाली नुसता घसरतो. अरुंदच ठेवले, फक्त ट्रॅक्टरसारख्या मोठ्या गोट्यांचे, म्हणजे फिरता फिरता माती फेकतात.

कागदाचा घोळ

काकांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती: व्हिंटेजची पाटी. केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हीए' मालिकेच्या क्रमांकावर नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. काकांनी पैसे बाजूला काढूनही ठेवले होते.

नियम पुढे वाचला तेव्हा शेडमध्ये जरा शांतता झाली. एक, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली चालत नाही. दोन, अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. म्हणजे व्हीए पाटी लावून हातोदला खताची पोती न्यायची नाहीत.

"म्हणजे ही नुसती बघायची?" काकांनी विचारलं.

"बघायची आणि पुसायची."

काका दोन मिनिटं जीपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वडील हिला पुसायचे नाहीत. हिच्यात बी-बियाणं असायचं." पाटीचा विषय तिथेच संपला. जुन्याच क्रमांकावर फिटनेस करून नोंदणीचं नूतनीकरण करायचं ठरलं. पंधरा वर्षांवरच्या कारची त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली होती, तरी वीस हजारांपेक्षा कमीच.

पण यातून काकांची एक अट उरली, आणि ती मला पटली. मूळ गाडीला छिद्र पाडायचं नाही, कापायचं नाही. जे लावाल ते उद्या पाना घेऊन काढता आलं पाहिजे. कायद्याच्या बाजूनेही हेच बरं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध केलेल्या बदलांना मनाई करतं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला सांगितलं, ते याच कलमाखाली. शहरात फिरताना नाकावर काहीच नको, असं आमचं ठरलं.

म्हणून विंच काढती-घालती. चासीला कायम राहील अशी एक अकरा किलोची बैठक, तीही मूळ बंपरच्या बोल्टांच्याच छिद्रांतून. त्या बैठकीत सरकून चार पिनांनी अडकणारा पाळणा, आणि पाळण्यावर विंच. शहरात पाळणा घरी.

शिंग

विंचबद्दल बोलताना सगळे पौंडांवर बोलतात. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या टोकाला चासी असते. जीपच्या चासीचे दोन लांब पाट पुढे बंपरपर्यंत येतात, त्यांना आम्ही शिंगं म्हणतो. विंचचा सगळा ओढा त्या दोन शिंगांवर येतो.

बॉडी उचलून चासी धुतली, रंग काढला. उजव्या शिंगावर, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांपासून चार बोटांवर, रंगाखाली लांबी (पुट्टी) निघाली. चासीवर लांबी! डेंटर-पेंटर दाराच्या खळग्यात भरतो ती. कोणीतरी कधीतरी तिथे काहीतरी झाकलं होतं. खरवडलं, लाल भेदक द्रव मारला, पुसला, पांढरी भुकटी फवारली. पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटली, सहा सेंटिमीटर.

कारण समजायला वेळ लागला नाही. स्टिअरिंगचा पूर्ण झटका त्या बोल्टांवर येतो, आणि क्रॉस मेंबरवरचा (चासीच्या आडव्या पाटावरचा) बेलक्रँक, म्हणजे स्टिअरिंगचा ओढा चाकांकडे वळवणारा सांधा, इतका झिजला होता की स्टिअरिंग पाव फेरी मोकळं फिरत होतं. मोकळं स्टिअरिंग दर खड्ड्यात हातोड्यासारखं आपटतं. वर्षानुवर्षं तो हातोडा त्याच जागी बसला.

आमचे उस्ताद चाळीस वर्षं जीप उघडतायत. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं आणि पुतण्याकडे बघून म्हणाले, "भिया, बारा हज़ार की लगाओगे तो गाड़ी नहीं निकलेगी, उसका मुंह निकल आएगा।"

दुरुस्ती अशी केली. रेघेच्या दोन्ही टोकांना छोटी छिद्रं पाडली, म्हणजे चीर पुढे धावत नाही. (काकांच्या 'छिद्र नाही' अटीतून ही दोन वगळून घेतली, आणि त्यांना दाखवूनच.) मग रेघेवर व्ही आकाराची खाच घासून आरपार वेल्डिंग, थांबत थांबत, पत्रा तापून वाकू नये म्हणून. वर आतल्या बाजूने जोडपट्टी. पट्टीची टोकं चौकोनी न कापता माशाच्या शेपटीसारखी तिरकी कापली. चौकोनी टोकाशी सगळा ताण एका सरळ रेघेवर येतो आणि पुढची चीर बरोबर तिथून सुटते. चासीचे कर्ण आधी आणि नंतर मोजले, फरक चार मिलिमीटर, तो आधीपासूनचाच. रंग दिल्यावर वेल्डच्या दोन्ही टोकांशी पांढऱ्या पेंटची बारीक खूण केली. चीर परत चालू लागली तर खूण तुटेल.

बेलक्रँकला नवी पिन आणि बेअरिंग, पुढच्या ॲक्सलचे किंगपिन नवे. स्टिअरिंगचा मोकळेपणा दोन बोटांवर आला. हे सगळं विंचच्या खर्चात धरा असं मी पुतण्याला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही, पण खरं तेच होतं. विंच बसवायची नसती तर ती चीर आणखी काही वर्षं लांबीखाली झोपली असती.

किती पौंड

आता आकडा. देवास नाक्याजवळ धर्मकाट्यावर गाडी नेली. तीन माणसं, टाकी भरलेली, अवजारं, दोन पोती: १४८० किलो.

बाजारात नियम सांगतात की विंच गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट हवी. म्हणजे २२२० किलो, साधारण ४९०० पौंड. सैन्याच्या वाहन-ओढ खात्याचा ठोकताळा मला जास्त पटतो, कारण तो चिखल बघून बोलतो: चाकं बुडेपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका ओढा लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. चढ असेल तर त्याचा भार वेगळा. आमच्यासाठी दुप्पट म्हणजे २९६० किलो.

आठ हजार पौंडांची विंच म्हणजे ३६२९ किलो. पण हा आकडा ड्रमवर दोरीचा एकच थर असताना. विंचचा ड्रम म्हणजे विहिरीवरचा रहाट समजा. रहाट जाड झाला की बादली लवकर येते, पण हाताला जड लागते. थरावर थर चढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर माझ्या हिशेबाने साठ टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे २२०० किलोच्या घरात. म्हणून झाड जवळ असलं तरी दोरी होईल तितकी सोडून, लांबचं झाड धरून ओढायचं. नवशिका नेमकं उलट करतो.

चौथ्या थराचे २२०० कमी पडले तर? गरारी, म्हणजे कप्पी. दोरी झाडाला बांधलेल्या गरारीतून वळवून हूक परत जीपला अडकवायचा. ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. पुतण्याला वेग निम्मा झाल्याचं वाईट वाटलं. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसत होती. एकेरी दोरीत सगळा भार विंचच्या बैठकीवर येतो. गरारी लावून हूक दुसऱ्या शिंगाच्या कड्यात अडकवला की भार दोन जागी वाटला जातो. सांधलेल्या शिंगाच्या गाडीला हाच खरा फायदा. म्हणून बैठक दोन्ही शिंगांना धरून मागे पहिल्या क्रॉस मेंबरपर्यंत नेली, आणि हुकाचं कडं डाव्या, न चिरलेल्या शिंगावर.

तर आठ हजार. बारा हजारांची विंच त्या शिंगांना तोडायची ताकद घेऊन येते आणि वर वजनही जास्त. वजनाचाही हिशेब केला. आमची विंच २८ किलो, पाळणा १४, एकूण ४२. ते पुढच्या ॲक्सलच्या साठ सेंटिमीटर पुढे लटकतं, आणि या जीपचा व्हीलबेस जेमतेम २०३ सेंटिमीटर. सी-सॉसारखं होतं: पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर ४२ नाही तर ५४ किलो वाढतात, आणि मागचा ॲक्सल १२ किलोने हलका होतो. चिखलात ज्या चाकांनी ढकलायचं तीच हलकी.

दोरी पोलादी न घेता सिंथेटिक घेतली. पोलादी दोरीपेक्षा सहा-सात किलो वाचले, आणि तुटली तर सिंथेटिक दोरी चाबकासारखी फार येत नाही. तिचे तोटेही आहेत. ऊन लागलं की कुजते, दगडावर घासली की कापते, आणि या प्रकारच्या विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असल्याने उतारावर गाडी सोडताना तापून दोरी भाजू शकते. उतारावर सोडायचं काम आम्हाला नव्हतं. ड्रमवर कमीत कमी आठ-दहा वेढे राखायचे, कारण भार वेढ्यांच्या घर्षणावर असतो, टोकाच्या स्क्रूवर नाही.

वीज

इथे आम्ही चुकलो.

जीपचा मूळ डायनॅमो ३५ ॲम्पियरचा, तोही इंजिन पळत असताना. सावकाश चालत्या इंजिनावर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, आणि विंच वापरताना इंजिन तर सावकाशच चालू असतं. काकांचा जीव त्या डायनॅमोत होता. शेवटी तो साफ करून, तेल लावून, मेणकापडात गुंडाळून त्यांच्या हवाली केला आणि जागी ४५ ॲम्पियरचा अल्टरनेटर बसवला. कंसही बोल्टचेच.

तरी विंच चालवते ती बॅटरीच. मध्यम भाराला आमच्या क्लॅम्प मीटरवर २३५ ॲम्पियर दिसले. तीन मिनिटं ओढलं की बॅटरीतून बारा ॲम्पियर-तास जवळपास गेले. तेवढ्या वेळात अल्टरनेटर परत देतो दोन. उरलेले भरायला पाव तास इंजिन चालू ठेवावं लागतं. म्हणून मिनिटभर ओढायचं आणि थांबायचं. मोटरही तापते, तिलाही ते हवंच असतं. ६५ ची बॅटरी काढून ८० ची टाकली.

विंचसोबत आलेली वायर १६ चौरस मिलिमीटरची होती. जाऊन-येऊन साडेचार मीटर लांबीत २३५ ॲम्पियरला ती एक व्होल्टच्या वर खाते. सियागंजमधून ३५ ची वेल्डिंग केबल आणली, तोटा अर्ध्या व्होल्टवर यायला हवा होता. पाळणा काढता यावा म्हणून पुढे मोठा दोन-पिनी कनेक्टर, बॅटरीपाशी तोडणारा स्विच, केबलवर सगळीकडे रबरी नळी.

मे महिन्यात शेडच्या आवारात उभ्या ट्रकला दोरी लावून पहिली ओढ घेतली. मिनिटभरात विंच सुस्तावली. पुतण्या म्हणाला, "बघा, आठ हजारची कमीच पडली." उस्तादांनी काही न बोलता कनेक्टरला हात लावला आणि झटकन काढला.

मल्टिमीटरचं एक टोक केबलच्या तांब्यावर, दुसरं तिच्याच थिंबलवर (केबलच्या टोकाला चेपलेल्या टोपीवर). बोटभर अंतरात ०.९ व्होल्ट. गुणाकार करा: दोनशे वॉटच्या वर, म्हणजे शंभरचे दोन जुने बल्ब बोटाएवढ्या तांब्यात पेटलेले. शेडमधल्या पोराने थिंबल हातोडीने चेपलं होतं, आणि ते तपासायचं काम माझं होतं. तपासलं नव्हतं. हायड्रॉलिक क्रिम्परने चारही टोकं परत केली. तोटा मोजण्यापलीकडे गेला, आणि तीच विंच त्याच ट्रकसमोर जीपला चाकं बांधलेली असताना फरफटवत घेऊन गेली. त्या दिवसापासून शेडमध्ये नियम आहे: जाड केबलचं टोक मीटर लावल्याशिवाय टेपने झाकायचं नाही.

पाऊस

जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पहिला दणका पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याचा फोन. गाडी वाटेत पोटावर बसलीये.

"मग विंच लाव ना."

थोडा वेळ गप्प. "दादा, विंच घरी आहे. लोकमान्य नगरात. काकूच्या खाटेखाली."

ट्रॅक्टरवाल्याने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. त्याला पुष्कळ दिवस पुरेल असं बोलायला मिळालं होतं, तेवढ्यावर तो खूश.

काढती-घालती विंच ही माझी कल्पना, आणि कागदावर ती अजूनही बरोबर आहे. पण ४२ किलोचं धूड 'लागेल तेव्हा' लावायला कोणी उठत नाही. लागेल हे आधी कळत नाही, आणि कळतं तेव्हा तुम्ही घोट्यापर्यंत चिखलात असता. मी वापराचं वेळापत्रक ठरवायला विसरलो होतो. ते काकांनी ठरवलं. सतरा जुलैला आषाढी एकादशी होती. त्या सकाळी त्यांनी पुतण्याला उठवलं, दोघांनी पाळणा उचलून पिना मारल्या, आणि काकांनी जाहीर केलं की आता ही कार्तिकीला उतरेल. देव झोपले की विंच जागी. पावसाचे महिने शहराच्या फेऱ्या स्कूटरवर.

ऑगस्टमध्ये मी स्वतः गेलो. पंपघराच्या अलीकडे नाल्याच्या कडेला गाडी मडगार्डच्या खाली चार बोटं उरेपर्यंत बसली होती, आणि समोर सोयाबीन. झाड नाही, खांब नाही. विंच विकणारे ज्या जंगलाची चित्रं दाखवतात, ते मालव्यातल्या शेतात नसतं. मग स्टेपनी पुरली. पंधरा पावलं पुढे बांधाच्या कडेला, सोयाबीन सोडून, स्टेपनी उभी मावेल असा कमरेपर्यंत खड्डा. ओढायच्या दिशेला एक तिरका चर, म्हणजे दोरी वर न उचलता सरळ निघते. चाकाच्या मधून पट्टा, त्यावर गरारी, हूक डाव्या शिंगाला. दोरीवर ओलं पोतं टाकलं. सिंथेटिक असली तरी गरारी आणि कडी लोखंडीच असतात, सुटल्या तर गोळीसारख्या येतात. दोरीच्या रांगेत कोणाला उभं राहू दिलं नाही. काका तरी दोनदा आले, दोनदा हाकलले.

पहिल्या ओढीत गाडी हलली नाही, स्टेपनी वीतभर सरकली आणि घट्ट झाली. दुसऱ्या मिनिटाला काळी माती 'पच्च' असा आवाज करून सुटली. पुतण्या लो रेंज पहिल्यात टाकून चाकं अगदी हलकी फिरवत होता. मीटरवर १८० च्या आसपास. अकरा मिनिटांत, मधे तीन वेळा थांबून, गाडी वर. स्टेपनी उकरून काढायला पाऊण तास लागला, आणि ते काम पुतण्याचं.

एक त्रुटी तिथेच दिसली. पुढची विंच फक्त पुढे ओढते, आणि माणूस बहुतेक वेळा नाक खुपसून रुततो, त्याला मागे यायचं असतं. पाळणा मागच्या क्रॉस मेंबरलाही बसेल अशी बैठक करता येईल, पण केबल दुपटीहून लांब होते, ५० ची घातली तरी एक व्होल्ट जातो. खर्च ऐकून पुतण्याने 'पुढच्या वर्षी' म्हटलं. ते दोनदा म्हणून झालंय.

खर्चाचं विचाराल तर सगळ्यात कमी पैसे विंचला गेले. चासी, स्टिअरिंग आणि वीज मिळून तिच्या अडीचपट. रंग काकांच्या आग्रहाने मूळ हिरव्याच्या जवळ नेला. हुडाचा कॅनव्हास शिवायला लागलेले दिवस मी मोजायचं सोडून दिलं.

२०२५ च्या कार्तिकीला विंच उतरवायला मी गेलो होतो. दोरी बादलीत साध्या पाण्याने धुऊन काकांनी सावलीत पसरली, आणि काकू तिच्या पलीकडून चालल्या तरी ओरडले. मी तेवढ्यात उजव्या शिंगाखाली शिरलो, चिखल पुसला, टॉर्च मारला. पांढऱ्या खुणा दोन्ही अखंड होत्या. ट्रान्सफर केसमधून मात्र तेलाचा थेंब कपाळावर पडला. तो १९६८ पासून पडतोय, असं काकांचं म्हणणं.